जुन्या वॅगनआरच्या गिअरबॉक्समधून तेल ठिबकतंय: सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम होईल का?

कोलशेतकर

गाडी वॅगनआर, २००८ची, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. मुक्काम ठाणे, घोडबंदर रोडलगतच्या सोसायटीत उघडं पार्किंग, खाली पेव्हर ब्लॉक. रात्रभर उभी राहिली की पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला जुन्या दोन रुपयांच्या नाण्याएवढा डाग पडतो. रंग मधासारखा, हाताला चिकट. इंजिन ऑइलची पातळी जागची हललेली नाही. गिअर नीट पडतात, आवाज नाही.

ड्राइव्ह शाफ्टचं (गिअरबॉक्समधून चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील गेलं असं धरून सील आणून ठेवावं का? आणि जॅक, घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), पान्यांचा सेट आणि एक अख्खा रविवार एवढ्या भांडवलावर हे घरी होतं का? तेल किती आणि कोणतं लागेल तेही सांगा.

वाशीचा पूल

आधी ते एसीचं पाणी नाही ना बघा. ठाण्यातल्या निम्म्या गळत्या एसी बंद केला की बऱ्या होतात.

क्लचकर्णी

मधासारखं आणि चिकट म्हणतायत, पाणी कसं असेल राव.

कोलशेतकर, सील अजून आणू नका. डाग पडतो तिथे गळती असतेच असं नाही. चालत्या गाडीत तेल वाऱ्याने मागे सरकतं आणि केसिंगवरून उतरत सगळ्यात खालच्या टोकाला येऊन टपकतं. त्यामुळे ओलं सगळंच दिसतं. शोधायचा असतो तो सगळ्यात वरचा ओला बिंदू.

पद्धत अशी. गिअरबॉक्सचं केसिंग आणि शाफ्ट शिरतो तो भाग ब्रश आणि डिझेलने घासून लख्ख करा. फडक्याने पुसा, तासभर वाळू द्या. मग संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर उडवा, साधी अंगाला लावायची. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, खाली पुठ्ठा टाका आणि टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे आधी काळवंडली तिथून तेल येतंय.

या गाडीत गिअरबॉक्स डावीकडे आहे, म्हणून डाग डावीकडे पडणारच. त्यावरून एकट्या सीलला फाशी देऊ नका. संशयित बरेच आहेत: ड्राइव्ह शाफ्टची दोन सीलं, ड्रेन प्लग (तेल सोडायचा), लेव्हल प्लग (तेल भरायचा आणि पातळी बघायचा), गिअर बदलायच्या शाफ्टचं छोटं सील, रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीडोमीटरच्या ड्राइव्हची ओ-रिंग, केसिंगचा सांधा, आणि शेवटी इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून बॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचं) सील. शेवटचं निघालं तर रविवार पुरणार नाही.

तेराचा पाना

+१. रिव्हर्स स्विच सगळे विसरतात. त्याच्या आतून तेल पाझरतं आणि कनेक्टरमध्ये शिरतं. कनेक्टर उपसून आत बोट लावा. तेलकट लागलं तर नवा स्विच आणि वॉशर, दहा मिनिटांचं काम.

ऐरोलीचा अवलिया

वास घ्या! गिअर ऑइलला गंधकाचा वास असतो, सडक्या लसणाच्या जवळ जाणारा. इंजिन ऑइल जुनं झालं की काळं पडतं आणि करपट लागतं. ब्रेक ऑइल पातळ, जवळपास पाण्यासारखं, आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं. लाल असेल तर ऑटोमॅटिकचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं.

गिअरगावकर

वॅगनआरचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यात तेलच नाही. क्लचही केबलचा. म्हणजे दोन संशयित आपोआप सुटले. जुनी सिटी किंवा अ‍ॅक्सेंट असेल त्यांनी मात्र आधी स्टिअरिंगची नळी बघावी. रॅकमधून गळणारं तेल बरोबर गिअरबॉक्सच्या खाली येऊन पडतं आणि लोक भलत्याच बॉक्सचं ऑपरेशन करत बसतात.

क्लचकर्णी

आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं घर) खालच्या भोकातून थेंब येत असेल तर थांबा. तिथे दोन सीलांचं तेल येतं: इंजिनच्या क्रँकचं मागचं सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. काळं असेल तर पहिलं, मधासारखं असेल तर दुसरं. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो उतरलाच तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही सीलं एकदमच बदलायची, कारण मजुरी एकच. हे पार्किंगमध्ये करू नका. तेल क्लच प्लेटवर गेलं की गाडी जागेवरून निघताना थरथरते किंवा क्लच घसरतो. कोलशेतकरांकडे तसं काही दिसत नाही, म्हणून आशा आहे.

पेव्हरब्लॉक

माझं नावच बघा आणि ऐका. पेव्हर ब्लॉकवर जॅक लावला की ब्लॉक एका बाजूने खचतो आणि जॅक तिरका होतो. जॅकखाली आणि प्रत्येक घोडीखाली किमान १८ मिलिमीटर जाडीचा, फूटभर चौकोनी प्लायवुडचा तुकडा हवा. पावसानंतर लगेच तर मुळीच नको, ब्लॉकखालची कच धुऊन गेलेली असते. उतार असलेली जागा बाद. विटा, सिपोरेक्स, सिमेंटचे ठोकळे सगळे बाद. ते आधी कुरकुरत नाहीत, थेट फुटतात. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक चाक बदलण्यापुरताच आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली मान घालायची नाही.

हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, म्हणून पुढून उचलताना त्याचा उपयोग होतो. तरी मागच्या चाकांना दोन्हीकडून पाचर लावा. आणि चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा.

खाडीकाठी

एकट्याने करू नका, एवढंच. घरातलं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असू दे.

तेराचा पाना

आता सील निघालंच असं धरून क्रम सांगतो. पहिला नियम: ड्रेन प्लगला हात लावण्याआधी भरायचा प्लग सैल होतो का ते बघा. जुन्या गाडीत तो गंजून किंवा कुणीतरी पहिलवानाने आवळून बसलेला असतो. आधी तेल काढलं आणि मग वरचा प्लग उघडेना, तर गाडी जागच्या जागी अडकली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. काही गाड्यांत प्लगला षटकोनी डोकं असतं, काहींत चौकोनी खाच. खाचेत बरोबर बसणारं हत्यारच घाला. जवळपासच्या मापाचं घातलं की खाच गोल झालीच. बसलेला प्लग असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा.

दहा किलोमीटर चालवून तेल कोमट करा, मग सोडा. थंड तेल निथळायला खूप वेळ घेतं. प्लगच्या चुंबकावर करडा मऊ मळ असेल तर काळजी नको. नखाला टोचतील असे तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर प्रश्न सीलचा राहिला नाही.

चाक काढा. खालचा बॉल जॉइंट नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) जिथे आवळलाय तो बोल्ट काढा आणि कंट्रोल आर्म पहारीने खाली दाबून बॉल जॉइंट मोकळा करा. नकल बाहेर ओढली की शाफ्ट सरकायला जागा होते. फक्त सील बदलायचं असेल तर हबचा मोठा नट उघडायची गरज नाही. शाफ्टचं बाहेरचं टोक हबमध्येच राहू दे. तो नट साधारण १७५ न्यूटन मीटरला आवळलेला असतो, घरच्या पान्याने त्याच्याशी झोंबू नका.

आतला जॉइंट आणि केसिंग यांच्या फटीत टॉमी (लोखंडी दांडा) घालून झटका द्या. आत सर्क्लिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी) असते, ती सुटली की टक् असा आवाज येतो. शाफ्टला धरून ओढू नका. जॉइंट रबरी बुटाच्या (जॉइंटवरच्या आवरणाच्या) आतल्या आत निसटतो आणि कामाला काम लागतं. टॉमीचं टोक केसिंगच्या कडेवर रुतू देऊ नका, अ‍ॅल्युमिनियम आहे. सुटलेला शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

ऐरोलीचा अवलिया

एका वेळी एकाच बाजूचा शाफ्ट, हे मोठ्या अक्षरात लिहा. दोन्ही एकदम काढले तर काही बॉक्समध्ये डिफरन्शियलची (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाची) आतली चाकं फिरतात आणि शाफ्टची भोकं समोरासमोर राहत नाहीत. मग बोटाने ती परत जुळवत बसायचं.

तेराचा पाना

बरोबर, राहिलंच होतं.

जुनं सील काढताना ते केसिंगच्या कडेपासून किती आत आहे ते आधी मोजून ठेवा. सील काढायच्या आकड्याने किंवा बोथट स्क्रू ड्रायव्हरने सीलच्या ओठाच्या बाजूने उचका. बाहेरच्या धातूच्या कड्याकडून उचकलं तर केसिंगच्या भोकाला ओरखडा जातो आणि नवं सील त्याच ओरखड्यातून गळतं.

नवं सील लावताना स्प्रिंगची बाजू आत, तेलाकडे. ओठाला थोडं ग्रीस, बाहेरून भोक कोरडं आणि स्वच्छ. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पीव्हीसी कपलर किंवा मोठा सॉकेट घ्या. थेट हातोडी नको. चारी बाजूंनी सारखं, जुन्या खोलीपर्यंत. तिरकं बसलं तर काढून फेका, सरळ करत बसू नका.

शाफ्ट परत घालताना त्याचं वजन हाताने तोला. टोकाचे दाते नव्या सीलच्या ओठावर टेकले की ओठ कापला जातो. घरच्या कामात नवं सील पहिल्याच दिवशी गळण्याचं मोठं कारण हेच. सर्क्लिप नवी घाला. टक् झाल्यावर आतला जॉइंट धरून हलकेच ओढून बघा. बाहेर आला नाही म्हणजे बसला.

नाव_नंतर_सांगतो

वाचूनच कंबर दुखली. गॅरेजचा रस्ता बरा.

गिअरगावकर

सीलबद्दल दोन गोष्टी. डावं आणि उजवं सील एकच असेल असं गृहीत धरू नका. काही सीलांच्या ओठावर तेल आत ढकलणाऱ्या तिरक्या रेघा असतात आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. उलटं सील गाडी चालताना तेल बाहेर पंप करतं.

दुसरं, मूळ भाग मिळाला नाही तर सीलवर मापं कोरलेली असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मापावर सील मिळतं. नायट्राइल रबर स्वस्त, पण उष्णतेने लवकर कडक होतं. व्हायटॉन महाग, पण टिकतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना शाफ्ट मिळेल, सील मात्र तिथून नको. सील ही वापरलेली घ्यायची वस्तू नाही.

क्लचकर्णी

आणि शाफ्ट बाहेर आहे तोवर सील टेकतं त्या जागेवरून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे तिथे खाच पडलीय आणि नवं सील तिथेच टेकलं तर महिनाभरात पुन्हा ओलं. खाच किरकोळ असेल आणि भोकाला जागा असेल तर सील एक-दीड मिलिमीटर कमी खोल बसवा, ओठ ताज्या जागेवर येतो. खाच खोल असेल तर जॉइंट बदला.

वाशीचा पूल

एवढा उपद्व्याप कशाला? बाजारात गळती थांबवायचं औषध बाटलीत मिळतं. ओता आणि विसरा.

तेराचा पाना

विसराल तुम्ही, गिअरबॉक्स नाही विसरणार.

ऐरोलीचा अवलिया

थोडं वेगळं मत. ती बाटली म्हणजे रबर फुगवणारं रसायन. सील नुसतं कडक झालं असेल आणि ओठ अखंड असेल तर काही महिने गळती कमी होते. गाडी विकायला, अं, म्हणजे भंगारात काढायला सहा महिने असतील तर समजू शकतो. पण ओठ फाटला असेल, शाफ्टला खाच असेल किंवा ओ-रिंग चिरली असेल तर शून्य उपयोग. आणि ते चांगल्या सीलांनाही मऊ करतं. ऑटोमॅटिकमध्ये तर अजिबात नको.

क्लचकर्णी

तेलाचं बघू. दर्जा एपीआय जीएल-४, घट्टपणा ७५डब्ल्यू-९०; दोन्ही डब्यावर लिहिलेलं असतं. क्षमता साधारण दोन लिटरच्या आसपास, अडीच-तीन लिटर आणून ठेवा. पण आकड्यावर भरू नका. लेव्हल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेला तेल आलं आणि बारीक धार बाहेर यायला लागली की भरलं. गाडी सपाट हवी. डावी बाजू उचललेली असताना भरलं तर पातळी खोटी दिसते.

नाव_नंतर_सांगतो

जीएल-५ का नाही? आकडा मोठा म्हणजे चांगलंच ना?

क्लचकर्णी

नाही, वेगळ्या कामाचं. जीएल-५ हे हायपॉइड (दाते एकमेकांवर घसरत फिरतात अशा) डिफरन्शियलसाठी. त्यात दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४च्या जवळपास दुप्पट. सिंक्रोची (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या भागाची) पितळी कडी घर्षणावर चालते. हे तेल तिथे जास्त निसरडं ठरतं, म्हणून गिअर टाकताना खरखर येते. काही मिश्रणं पितळेलाही खातात.

गिअरगावकर

दोन्ही एकत्र लिहिलेली तेलंही मिळतात, म्हणून डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पण वाद नको, धागा इथेच ३०० प्रतिसादांवर जाईल.

खाडीकाठी

तेल भरायला पंप नसेल तर मेडिकलमधून ६० मिलिलिटरची सिरिंज आणि हातभर पारदर्शक नळी. दोन लिटर म्हणजे तेहतीस-चौतीस वेळा. हात भरून येतो, पण जमतं. दुसरा मार्ग वरून: स्पीडोमीटरचा ड्राइव्ह काढून त्या भोकात नरसाळं आणि लांब नळी. तेवढ्यात त्याची ओ-रिंगही बदलून होते.

आणि काढलेलं तेल! नाल्यात ओतू नका. आपल्याकडचे नाले खाडीलाच मिळतात, आणि ठाणे खाडीला २०२२मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळालाय. फ्लेमिंगोंना जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही चालत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. पेव्हर ब्लॉकवर सांडलं तर लगेच लाकडाचा भुसा, नाही तर सेक्रेटरींचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश गळतीच्या आधी पोहोचेल.

सुकाणू_ताई

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे, चालेल ना? सिटी २०१०, ऑटोमॅटिक, खाली लाल थेंब. हेच सगळं लागू?

ऐरोलीचा अवलिया

ताई, निम्मं लागू. पुसा, पावडर टाका, वरचा ओला बिंदू शोधा, हे सारखंच. पण तुमच्या बॉक्सला खाली पत्र्याचं तबक नाही, त्यामुळे 'पॅनची गॅसकेट बदला' असा सल्ला कुणी दिला तर त्याला गाडीखाली पाठवा. आधी ड्रेन प्लगचा १८ मिलिमीटरचा चेपणारा वॉशर बघा. तो एकदाच वापरायचा असतो. प्लग ४९ न्यूटन मीटरला. मग कूलरच्या रबरी नळ्या आणि क्लॅम्प, मग शाफ्टची सीलं. तेल होंडाचं डीडब्ल्यू-१, ते जुन्या झेड-१च्या जागी आलंय. 'लाल दिसतंय ना' म्हणून कुठलंही ओतू नका. पातळी गाडी सपाट ठेवून, इंजिन तापल्यावर बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत तेलाच्या काडीवर (डिपस्टिक) बघायची.

गिअरगावकर

ज्यांच्या ऑटोमॅटिकला पॅन आहे त्यांच्यासाठी: बोल्ट नाजूक असतात, बहुतेक १० न्यूटन मीटरच्या आसपास. गळतंय म्हणून अजून आवळलं की भोकाभोवतीचा पत्रा वाकतो आणि अजून गळतं. सिलिकॉनचे ढिगारे लावू नका. आत पिळून आलेले तुकडे गाळणीत जाऊन बसतात. आणि रेडिएटरच्या आत कूलर असेल तर तेल-पाणी मिसळलंय का बघा. मिसळलं असेल तर दिसायला हुबेहूब स्ट्रॉबेरी मस्तानी. तशी गाडी चालवू नका, टोच्यावर न्या.

वाशीचा पूल

मस्तानीचं नाव काढलंत, आता गाडी पुण्यालाच.

क्लचकर्णी

मूळ प्रश्नावर येऊ. एक गोष्ट कुणीच बोललं नाही: ब्रीदर. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला छोटी टोपी किंवा नळी असते. तेल तापलं की आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर पडते. चिखलाने ती बुजली की दाब सीलांवर येतो आणि सगळ्यात अशक्त सीलातून तेल बाहेर. मग लोक सील बदलतात, सहा महिन्यांनी पुन्हा बदलतात. रोग रेड्याला, औषध पखालीला. टोपी बोटाने फिरते का बघा, नळी असेल तर फुंकून बघा.

पावसाळ्यात उलटंही होतं. तापलेला बॉक्स गुडघाभर पाण्यात शिरला की एकदम थंड होतो, आत ओढ बसते आणि ब्रीदरमधून किंवा थकलेल्या सीलातून पाणी आत जातं. काढलेलं तेल चहासारखं दुधाळ असेल तर ते झालंय. तेव्हा नवं तेल भरा, शंभर-दोनशे किलोमीटरवर पुन्हा काढा आणि पुन्हा भरा.

कोलशेतकर

सर्वांचे आभार. पुसून, पावडर टाकून, पंधरा किलोमीटरनंतरचा निकाल असा: ड्रेन प्लग कोरडा, रिव्हर्स स्विचचा कनेक्टर कोरडा, बेल हाउसिंगचं भोक कोरडं. डाव्या शाफ्टभोवती पावडर खालच्या अर्ध्या भागात काळी. ब्रीदरची टोपी चिखलाने घट्ट बसलेली होती, आता फिरतेय. भरायचा प्लग सैल झाला. लेव्हलच्या भोकात बोट घातलं तर तेल पहिल्या पेरापर्यंत लागत नाही. आता फक्त ब्रीदर मोकळा झाला म्हणून थांबून बघावं की सील बदलावंच?

तेराचा पाना

पेरभर खाली म्हणजे बरंच तेल गेलंय. थांबायचं असेल तरी आजच तेल पुरं करा. पाचवा गिअर बॉक्सच्या टोकाला असतो आणि तेल तिथे उडून पोहोचतं. कमी पडलं की पहिला तोच वाजतो. शीळ घालायला लागला की सीलच्या पैशात भागत नाही.

क्लचकर्णी

तेल भरा, पुन्हा पुसा, आठवडाभर पुठ्ठा टाका. नुसता ओलसरपणा राहिला तर पावसाळ्यानंतर निवांत करा. थेंब पडलाच तर सील डावं, सर्क्लिप एक, ड्रेन प्लगचा वॉशर असेल तर तो. या वयाच्या रबरावर पैज मात्र लावणार नाही. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघितलात का? थोडा खेळ असतोच, पण दोन्ही बाजूंची तुलना करा. डावीकडे स्पष्ट जास्त हलत असेल तर आधी सांगा, सील मागवू नका.

कोलशेतकर

दोन्हीकडे सारखाच. तेल आज भरतो. रविवारी पुठ्ठ्याचा फोटो टाकतो.

पेव्हरब्लॉक

प्लायवुड विसरू नका.